पवई तलावाची नोंदवही: नकाशा, पाणी, पक्षी आणि मगर

पवई तलावाचा एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर खोलीचा ठेवा. पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागला की मुंबई महानगरपालिका काही आकडे देते: पाणलोट क्षेत्र (ज्या भागातलं पावसाचं पाणी तलावात उतरतं तो भाग) ६.६१ चौरस किलोमीटर, पूर्ण भरल्यावर पाण्याचा पसारा २.२३ चौरस किलोमीटर, साठा ५४५.५ कोटी लिटर. साठ्याला पसाऱ्याने भागा. सरासरी खोली निघते जेमतेम अडीच मीटर. एवढं मोठं पाणी, पण परातीसारखं पसरट. जलपर्णी का माजते, मे महिन्यात वास का येतो, कमळपक्षी काठापासून इतके आत का फिरतात, या सगळ्याचं उत्तर शोधताना याच आकड्याकडे परत यावं लागतं. गाळ साठत जाईल तशी ही खोली आणखी कमी होणार.

खालची पद्धत वर्षभर शिस्तीत नोंद ठेवू पाहणाऱ्यासाठी आहे. सामान थोडंच लागतं: ८×४२ ची दुर्बीण, जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल (पावसात पेनाची शाई फुटते), पारदर्शक नळी, थर्मामीटर, मत्स्यपालनाच्या दुकानात मिळणारा पाणी तपासणीचा संच, दोरी बांधलेली बादली आणि रबरी हातमोजे. पैसे मर्यादित असतील तर ते चांगल्या दुर्बिणीत घाला. पाण्याची साधनं घरी बनतात, दुर्बीण बनत नाही.

नकाशा आधी

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या जुन्या पद्धतीच्या नकाशांत पवई ४७ ए/१६ या पत्रकात येते. नव्या मालिकेतले नकाशे विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात. त्यावर आधी सांडवा, म्हणजे भरलेल्या तलावातलं जादा पाणी बाहेर पडतं ती जागा, शोधा. बांध तलावाच्या पश्चिम बाजूला आहे. इथून सांडणारं पाणी मिठी नदीला जातं आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत पोचतं. वरच्या बाजूचा तुळशी तलाव भरला की विहार तलावात सांडतो, आणि विहारचा सांडवाही मिठीलाच मिळतो. म्हणून पुराच्या दिवसांत पवईचा विचार एकटा करून भागत नाही.

सांडव्यावर पेन्सिल ठेवा आणि दोन्ही बाजूंनी चढाच्या दिशेने रेघ ओढत न्या. रेघ नेहमी डोंगरधारेवरून जाईल आणि समोच्च रेषांना (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना) काटकोनात छेदेल. समोच्च रेषेचं टोक चढाकडे वळलेलं दिसलं तर तिथे ओहोळ आहे. टोक उताराकडे असेल तर धार. नवशिक्याची हमखास चूक म्हणजे ओहोळ ओलांडून रेघ नेणं. दोन्ही टोकं वरच्या धारेवर भेटली की आतलं सगळं पाणलोट. सांडव्याजवळून काढलेलं क्षेत्र ६ ते ७ चौरस किलोमीटरच्या आसपास आलं नाही तर रेघ कुठेतरी चुकीच्या टेकडीवर गेली आहे. शहरात आणखी एक अडचण असते. रस्त्याची गटारं आणि पर्जन्यजलवाहिन्या धारेला जुमानत नाहीत. उतार तलावाकडे असूनही पाणी दुसरीकडे वळवलेलं असतं, आणि उलटंही. त्यामुळे कागदावरची रेघ पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन पायी तपासावी लागते. काठावर जिथे जिथे गटाराचं तोंड उघडतं तिथे नकाशावर क्रमांक टाका. कोरड्या दिवसांतही वाहणाऱ्या तोंडाभोवती लाल वर्तुळ करा, कारण पाऊस नसताना येणारं पाणी बहुधा सांडपाणीच असतं. पुढच्या सगळ्या नोंदींत ही लाल वर्तुळं पुन्हा पुन्हा उपयोगी पडतात.

पातळ्यांच्या आकड्यांत एक खड्डा आहे. महापालिका तलावांच्या पातळ्या टाऊन हॉल डेटमवर, म्हणजे मुंबईच्या स्वतःच्या शून्यपातळीपासून मोजून देते, विहार ८०.१२ मीटरला आणि तुळशी १३९.१७ मीटरला भरून वाहतो ते त्या मापाने. सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरची उंची सरासरी समुद्रसपाटीपासूनची असते. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात घातले तर तलाव डोंगरावर चढल्यासारखे दिसतात. वहीत प्रत्येक पातळीशेजारी कोणतं माप ते लिहाच.

इतिहास कागदातून

मुंबईचा नळाचा पाणीपुरवठा विहारपासून सुरू झाला. ते काम १८५६ ते १८६० या काळातलं, आराखडा अभियंता हेन्री कॉनीबेअर यांचा. १८७९ ला तुळशी आला. तरीही शहर वाढतच होतं आणि तानसा तलावाचं पाणी पोचायला १८९२ उजाडलं. मधल्या टंचाईत, १८९०-९१ च्या सुमारास, मिठीच्या एका ओढ्यावर बांध घालून पवई उभा केला. बांधकामाचा खर्च १२.५९ लाख रुपये. म्हणजे हा तलाव मुळात तात्पुरत्या गरजेचा. पाण्याची प्रत निकृष्ट निघाली, पिण्यासाठीचा वापर बंद झाला, आणि पाणी कारखान्यांना व आरे दुग्ध वसाहतीला जाऊ लागलं. पिण्याचं पाणी नसल्यामुळेच विहार-तुळशीसारखा बंदोबस्त पवईला कधी मिळाला नाही. काठाचं पुढे जे झालं त्याचं मूळ या निर्णयात आहे, असं आमचं मत.

बांधाआधी ही जमीन पवई इस्टेटीची होती. १८२९ पासून ती फ्रामजी कावसजी यांच्याकडे भाडेपट्ट्याने होती. नंतरचे टप्पे वहीच्या पहिल्या पानावर ओळीने लिहून ठेवा: १९४९ आरे वसाहत, १९५८ आयआयटी, १९८० च्या दशकापासून दक्षिणेकडची निवासी संकुलं. त्याखाली ६ मे २०२२ ही तारीख. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने तलावाकाठचा नियोजित सायकल आणि जॉगिंग ट्रॅक बेकायदा ठरवला आणि झालेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. त्या काळातल्या उपग्रह चित्रांत काठाची रेघ बदललेली दिसली तर ती गाळ किंवा जलपर्णी समजू नका.

मूळ कागद पाहायचे असतील तर काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. जाण्याआधी १९०९ च्या मुंबई शहर गॅझेटिअरमधलं पाणीपुरवठ्याचं प्रकरण वाचून जा, म्हणजे मागणीचिठ्ठीवर विभागाचं नाव आणि वर्ष नेमकं लिहिता येतं. नुसतं ‘पवई’ लिहून मागितलं तर दिवस वाया जातो. जुन्या नकाशांत इंच, फूट आणि गॅलन असतात. इंग्रजी गॅलन ४.५५ लिटरचा, अमेरिकी ३.७९ धरला तर हिशोब सुमारे १७ टक्क्यांनी कमी येतो.

पावसाचा हिशोब

पाणलोटावर एक सेंटीमीटर पाऊस पडला तर तो होतो ६६,१०० घनमीटर, म्हणजे ६.६१ कोटी लिटर. तळ कोरडा धरला आणि सगळं पाणी वाहून आलं असं मानलं, तर तलाव भरायला सुमारे ८३ सेंटीमीटर पाऊस पुरतो. मुंबई उपनगरात पावसाळ्यात सरासरी दोन मीटरहून जास्त पडतो. त्यामुळे पवई भरला ही बातमी दरवर्षीचीच; बघण्यासारखी असते ती तारीख. २०२४ मध्ये तलाव ८ जुलैला वाहू लागला, २०२५ मध्ये १८ जूनलाच. सांताक्रूझचा रोजचा पाऊस हवामान विभागाकडून घ्या, १ जूनपासून बेरीज करत जा आणि सांडवा सुरू होण्याच्या दिवशीची बेरीज वेगळ्या रंगाने लिहा. पाच-सहा वर्षांच्या अशा बेरजा शेजारी ठेवल्या की उन्हाळ्याअखेर तलावात किती पाणी उरतं आणि पाणलोट किती सिमेंटचा होत चालला आहे, दोन्हींचा अंदाज येतो. रानातल्या जमिनीत पहिला पाऊस मुरतो, फरसबंदीवरून तो जवळजवळ सगळा वाहून येतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. तेवढाच पाऊस पवईच्या पाणलोटावर धरला तर होतात सुमारे ६२४ कोटी लिटर. एका दिवसात अख्ख्या तलावाच्या साठ्याहून जास्त! मिठीकाठच्या लोकांना त्या दिवशी तलावाने का वाचवलं नाही, हे या एका गुणाकारात दिसतं. आधीच भरलेला तलाव पूर रोखत नाही, पाणी फक्त पुढे ढकलतो.

उन्हाळ्याचा हिशोब उलटा. दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर पूर्ण पसाऱ्यावरून रोज १.१ कोटी लिटर उडून जातात. एवढं असूनही एप्रिल-मेमध्ये पातळी अपेक्षेपेक्षा हळू उतरत असेल, तर कुठून तरी पाणी येतं आहे. लाल वर्तुळं पुन्हा तपासा.

पाणी कसं तपासावं

आधी सुरक्षितता, कारण तलावात मगरी आहेत. उतारावर उकिडवं बसून हात घालून नमुना घ्यायचा नाही. कठडा असलेल्या घाटावरून किंवा उंच कट्ट्यावरून दोरीची बादली टाका आणि सोबत दुसरा माणूस ठेवा. सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर काठाला अजिबात जाऊ नका, नमुना राहिला तरी चालेल.

गढूळपणा मोजायला लिमनॉलॉजीत (तळ्यांच्या शास्त्रात) २० सेंटीमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची सेची तबकडी वापरतात. तबकडी दोरीने सोडायची, दिसेनाशी होते ती खोली लिहायची, वर ओढताना पुन्हा दिसते ती लिहायची आणि दोन्हींची सरासरी काढायची. वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन, काळा चष्मा काढून, सावलीच्या बाजूने. अडचण अशी की काठावर पाणी उथळ, आणि तबकडी दिसेनाशी होण्याआधी गाळावर टेकते. असं झालं तर आकडा लिहू नका, ‘तळ लागला’ असं लिहा. काठावरून काम करणाऱ्यासाठी गढूळपणाची नळी बरी. ६० सेंटीमीटर लांबीची, ४ सेंटीमीटर आतल्या व्यासाची पारदर्शक ॲक्रिलिक नळी घ्या, खालचं तोंड बुचाने बंद करा, बुचावर आतून काळी-पांढरी लहान चकती चिकटवा, बाहेरून मोजपट्टी लावा. बादलीतलं पाणी ढवळून हळूहळू ओता आणि वरून बघत राहा. चकती दिसेनाशी झाली की थांबून उंची वाचा. पाणी ओतल्यावर तसंच ठेवून दिलं तर गाळ खाली बसतो आणि पाणी खोटंच स्वच्छ दिसतं.

पारदर्शकता अर्धा मीटर किंवा त्याहून कमी असेल तर तलाव अतिपोषित, म्हणजे शेवाळाचं खाद्य अति झालेला, समजतात. कार्लसनच्या १९७७ च्या निर्देशांकात अर्ध्या मीटरला ७० गुण, एक मीटरला ६०. पण हा निर्देशांक शेवाळामुळे आलेल्या गढूळपणासाठी आहे. जुलैतलं तांबूस पाणी मातीमुळे गढूळ असतं, तिथे तो लावायचा नाही. पाणी हिरवं की तांबडं, ही रंगाची नोंद म्हणूनच आकड्याइतकी महत्त्वाची.

आता विरघळलेला प्राणवायू. ३० अंश सेल्सिअसला पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आसपास प्राणवायू मावतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीचं पाणी, म्हणजे ‘ड’ वर्ग, किमान ४ मिलिग्रॅम मागतो, सामू (पीएच) ६.५ ते ८.५ आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपर्यंत. दुपारी तीनला मोजून ९ किंवा १० आला तर आनंद मानू नका. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. दिवसातला नीचांक पहाटेचा, आणि पहाटे काठावर जायचं नाही असं वर म्हटलं आहेच. उजाडल्यावर लगेच, उंच कट्ट्यावरून घेतलेला नमुना आणि दुपारचा नमुना, अशी जोडी ठेवा. दोघांत ५ मिलिग्रॅमहून जास्त फरक म्हणजे पाणी शेवाळाच्या ताब्यात गेलं आहे.

या चाचणीत आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा बाटलीत. बादलीतून पाणी उंचावरून ओतलं की हवा मिसळते आणि दोन-तीन मिलिग्रॅम उगाच वाढतात. बाटली बादलीत पूर्ण बुडवा, तिरकी धरून सावकाश भरू द्या, बूच पाण्याखालीच लावा. उलटी करून बघा. वाटाण्याएवढाही बुडबुडा दिसला तर नमुना टाकून द्या. संचातली रसायनं जागेवरच घाला, घरी नेऊन नाही.

हिरवा तवंग दिसला तर साधी काडी बुडवून काढा. काडीला केसांसारखे धागे लोंबले तर धाग्याचं शेवाळ आहे, फारशी चिंता नाही. काडी हिरव्या रंगात बुडवल्यासारखी माखून आली तर ते नील-हरित जीवाणू असण्याची शक्यता मोठी. खात्रीसाठी काचेच्या बरणीत पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर तेच. यातल्या काही जाती विष तयार करतात. हातमोज्यांशिवाय हात लावू नका, कुत्र्याला ते पाणी पिऊ देऊ नका.

मासे मेल्याची बातमी बहुधा पहिल्या वळवाच्या किंवा ढगाळ दिवसांच्या पाठोपाठ येते. गटारांत साचलेली घाण एकदम तलावात येते, ढगांमुळे शेवाळ प्राणवायू बनवत नाही, आणि वाऱ्याने तळचं प्राणवायू नसलेलं पाणी वर ढवळलं जातं. आधी मोठे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. कटला-रोहू मेले आणि तिलापिया तगला, तर प्राणवायूची कमतरता. लहानमोठे सगळे एकाच वेळी, ठरावीक गटाराच्या तोंडाजवळ मेले, तर तिथून काही विषारी आलं असावं. अशा वेळी जिवंत पण धडपडणाऱ्या माशांचं चित्रीकरण मेलेल्या माशांच्या ढिगाच्या फोटोपेक्षा जास्त सांगतं, आणि नमुना त्याच तासात घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी पाण्यात काहीही सापडत नाही.

गणेश विसर्जनाच्या आधी एक आठवडा, दुसऱ्या दिवशी आणि पंधरा दिवसांनी त्याच घाटावर त्याच वेळी नमुने घ्या. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्समच, त्यामुळे कठीणपणा आणि सल्फेट वाढतं का ते पाहायचं. भर पावसात पातळी बदलत असल्याने निष्कर्ष जपून काढा.

जलपर्णी

मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती अनुकूल हवेत एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ‘एवढे टन काढली’ या आकड्याने म्हणूनच दिपून जाऊ नका. किती पाणी मोकळं झालं ते मोजा. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी एक, १० मीटरच्या चौकोनात. अख्खा पवई तलाव म्हणजे असे सुमारे २२,३०० चौकोन. ही चित्रं दाखवणाऱ्या कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर वनस्पती निर्देशांकाचा (एनडीव्हीआय, हिरवेपणाचं माप) थर लावा आणि पाण्याच्या हद्दीतले ०.४ च्या वरचे चौकोन मोजून सुरुवात करा. दाट शेवाळही कधी कधी हिरवं दिसतं, त्यामुळे त्याच आठवड्यातला काठावरचा एक फोटो शेजारी हवाच. जून ते सप्टेंबर ढगांमुळे चित्रं फारशी मिळत नाहीत. तेव्हा ठरलेल्या तीन जागांवरून, त्याच उंचीवरून, त्याच दिशेने काढलेले फोटो कामी येतात. ड्रोनचा विचार सोडा. विमानतळ जवळ आहे, परवानगीशिवाय उडवणं गुन्हा ठरेल.

दुपारी समुद्राकडून वारा सुटला की तरंगते गालिचे पूर्वेकडे, आयआयटीच्या बाजूला जमतात. सकाळी पश्चिमेला दाट आणि संध्याकाळी मोकळं दिसलं म्हणून जलपर्णी काढली असं होत नाही. फोटोची वेळ आणि वाऱ्याची दिशा दोन्ही लिहा. काढलेली जलपर्णी काठावरच कुजत ठेवली तर पावसाने तिच्यातलं पोषण परत पाण्यात जातं, आणि गाळातलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. सांडपाणी चालू ठेवून यंत्रं फिरवणं म्हणजे पैसे पाण्यात, हे मत इथे स्पष्टच लिहितो.

पक्षी मोजताना

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या बाजूचा काठ दक्षिणेला आहे. तिथे उभं राहून उत्तरेकडे पाहिलं की हिवाळ्यात सूर्य दिवसभर पाठीशी असतो, त्यामुळे रंग नीट दिसतात. वाहनांचा आवाज मात्र सोसावा लागतो. तीन किंवा चार जागा ठरवा, प्रत्येकी पंधरा मिनिटं, उजाडल्यापासून दोन तासांच्या आत. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, तेवढी जागा डोळ्यात भरा आणि तशी किती मापं भरतात ते बघा. उडणाऱ्या थव्यावर ही युक्ती नेहमी कमी आकडा देते. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकायची असेल तर ‘संपूर्ण यादी’ हा पर्याय तेव्हाच निवडा, जेव्हा ओळखलेला कावळाही वगळलेला नसेल. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून. त्या पंधरवड्यात एक मोजणी जरूर करा.

काय दिसेल? टिबुकली, हळदी-कुंकू बदक, अडई, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, पाणकावळे, ढोकरी, राखी आणि जांभळा बगळा, शेकाट्या, टिटवी, खंड्या आणि कवड्या धीवर. ऑक्टोबर ते मार्चमध्ये तुतवार, धोबी, सुरय, माळभिंगरी आणि कधी दलदल हारिण हा शिकारी पक्षी. घारी तर बाराही महिने.

चुका ठरलेल्या जागी होतात. वारकऱ्याचं कपाळ आणि चोच पांढरी, साध्या पाणकोंबडीची (जांभळी नव्हे) चोच लाल आणि टोक पिवळं. दूरवर दोन्ही काळे ठिपके दिसतात. पाण्यावर मान पुढे-मागे हलवत जाणारा पक्षी या दोन्हींपैकी कोणताही असू शकतो, म्हणून हालचालीवर न जाता चोचीचा रंग दिसेपर्यंत नाव लिहू नका. पांढऱ्या बगळ्यांत पावलं बघा: काळे पाय आणि पिवळी पावलं म्हणजे लहान बगळा. गायबगळ्याची चोच आखूड आणि पिवळी. मोठ्या बगळ्याच्या तोंडाची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच संपते. हे दिसायला टेलिस्कोप लागतो, नाही तर ‘बगळा, मोठा किंवा मध्यम’ एवढं लिहिणं प्रामाणिक.

कमळपक्ष्यांकडे जास्त वेळ द्या. इथे दोन जाती दिसतात. कांस्यपंखी कमळपक्ष्याची पाठ तांबूस-हिरवट चमकते आणि भुवई ठळक पांढरी. लांब शेपटीचा कमळपक्षी हिवाळ्यात ती शेपटी टाकून देतो, आणि मग लोक त्याला पहिल्याचं पिल्लू समजतात. उडू द्या, पंख पांढरेशुभ्र उघडले की प्रश्न मिटला. दोन्ही जातींत अंडी नर उबवतो आणि घरटं तरंगत्या पानांवर, पावसाळ्यात. जलपर्णी काढायची यंत्रं जून ते सप्टेंबरमध्ये फिरली तर घरटी आत जातात. ती पावसाळा संपल्यानंतर आणि उन्हाळ्याआधी फिरवणं सगळ्यांत कमी नुकसानाचं.

मगर

इथली मगर गोड्या पाण्यातली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती आहे, म्हणजे डिवचणं, खायला टाकणं, पकडणं हे सगळं गुन्ह्यात मोडतं. मोजणीला डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी आठ ते अकरा ही वेळ. थंडीत अंग तापवायला मगरी उघड्या काठावर आणि मातीच्या उंचवट्यांवर येतात. लांबी मीटरात नेमकी लिहिण्याचा मोह टाळा. एक मीटरहून लहान, एक ते दोन, दोनहून मोठी, असे तीन गट पुरेत. एकाच सकाळी सगळ्या जागांवरून, एकाच वेळी वेगवेगळ्या माणसांनी बघितलं तरच आकडा खरा. एकटा माणूस फिरत मोजत गेला तर तीच मगर दोनदा धरली जाते. पाण्यात नुसते डोळे आणि नाकपुड्या दिसत असतील तर लाकडाच्या ओंडक्याशी गल्लत होते. वाऱ्याच्या विरुद्ध सरकला तो ओंडका नव्हे. रात्री बॅटरीने डोळे चमकवून मोजणं वनविभागाच्या परवानगीशिवाय करायचं नाही.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मादी काठाच्या मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते, साधारण पंचवीस-तीस, आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं निघतात. त्या काळात उकरलेली माती दिसली तर लांबूनच परता. जागा समाजमाध्यमांवर टाकू नका, फोटोतली स्थळाची माहितीही काढून टाका. काठावर भर टाकून किंवा दगडी भिंत घालून ही माती झाकली की मगरीला अंडी घालायला जागाच उरत नाही. मगर रस्त्यावर किंवा आवारात आली तर गर्दी हटवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

कासव दिसलं तर डोळ्यामागे लाल पट्टा आहे का बघा. असेल तर ते घरात पाळून कंटाळल्यावर कुणीतरी सोडलेलं परदेशी कासव. फोटोसह नोंद करा, पण त्याला उचलून दुसऱ्या तळ्यात सोडू नका.

वहीतले रकाने

तारीख, वेळ, जागेचा क्रमांक, वाऱ्याची दिशा, आभाळ, पाण्याचा रंग, तापमान, नळीतली उंची, प्राणवायू, सामू, जलपर्णीचा फोटो क्रमांक, पक्षी, मगरी, मोजणाऱ्याचं नाव. मोजलं नाही तिथे शून्य नाही, आडवी रेघ. दर रविवारी वहीचा फोटो काढून दुसरीकडे साठवा.

तक्रार करायची वेळ आली तर ती महापालिकेच्या एस विभाग कार्यालयात आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या. गटाराच्या तोंडाचा क्रमांक, कोरड्या दिवसांतल्या प्रवाहाच्या किमान तीन तारखा आणि त्या दिवसांचा सांताक्रूझचा शून्य पाऊस एवढं जोडलं, की ‘पावसाचं पाणी आहे’ हे उत्तर त्यावर देता येत नाही.